तांबोळी बाईंचा मागचा ब्रेक

तांबोळी बाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या पाठमोऱ्या, आणि शाळेचा वॉचमन त्यांचं दप्तर धरून ओढत होता. कर्वेनगरच्या त्या शाळेतली माझी पहिलीच सकाळ. फाटकातून एक लाल बीएमएक्स, पोरं कसरतींना वापरतात ती बुटकी सायकल, आत घुसली. वर पाठीला सॅक लावलेली ठेंगणीशी आकृती होती आणि ती सरळ शिक्षकांच्या गाड्या लावतात तिकडे निघाली होती. "ए, पोरांच्या सायकली मागच्या अंगाला," म्हणत वॉचमननं सॅकला हात घातला. तोही माझ्यासारखाच नवा होता. आकृती उतरली, वळली, आणि चष्म्यातून त्याच्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "अहो, सोडा ते. आत सहावीच्या वह्या आहेत. तुमच्या काही उपयोगाच्या नाहीत."

वॉचमन पन्नाशीच्या बाईंना बघून इतका गोरामोरा झाला, की पुढे कित्येक दिवस त्या आल्या की तो फाटकात उभा राहून सलाम ठोकायचा. बाईंना त्याचाही वैताग. "आधी दप्तर ओढायचं, मग सलाम करायचा. मधलं काही जमत नाही का हो तुम्हाला?"

मुमताज तांबोळी हे त्यांचं नाव. शाळेत विज्ञान शिकवायच्या. उंची पावणेपाच फुटांच्या अलीकडेच कुठेतरी संपलेली. नेहमीच्या लेडीज सायकलवर बसल्या की पाय जमिनीला टेकत नसत, सिग्नल लागला की फूटपाथची कड शोधत फिरावं लागे. पुतण्या मोठा झाला, त्याला मोटारसायकल हवीशी झाली, तेव्हा त्याची बीएमएक्स जिन्याखाली पडून राहिली. बाईंनी ती पुसली, सीटचा दांडा बदलून घेतला, घंटी लावली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत घेऊन आल्या. पुतण्यानं कसरती करायच्या नादात पुढचा ब्रेक काढून टाकला होता. राहिला होता फक्त मागचा. तेवढ्या एका ब्रेकवर बाई कसबा पेठेतून कर्वेनगरला रोज यायच्या. ओढणी कमरेला बांधलेली, सलवारीच्या मोहऱ्या मोज्यांत खोचलेल्या, पाठ ताठ. कुणी हसलं तर म्हणायच्या, "उंची मला विचारून दिली नव्हती. चाकं तरी मला ठरवू देत."

त्यांचं घर तांबट आळीच्या जवळ. घरात त्या आणि थोरले भाऊ रशीदभाई, दोघंच. रशीदभाई शहरातल्या बसवर ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा, म्हणजे तोच पुतण्या, आखातात. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी एकदा विचारलं. "सगळे उंची विचारत होते. मी पगार विचारला की गप्प बसत होते," एवढंच उत्तर मिळालं.

त्यांच्या बोलण्याला धार होती, पण ती कुणाला कापायला काढलेली नसे. पालकसभेत एक आई म्हणाली, "आमचा ओंकार हुशार आहे हो बाई, फक्त अभ्यास करत नाही." बाईंनी मान डोलावली. "हुशारी घरीच राहत असेल. उद्यापासून डब्यात घालून पाठवा, मधल्या सुट्टीत तरी बाहेर काढेल." ती आई आधी चिडली, मग हसली, आणि वर्षभर बाईंना दिवाळीचा फराळ वगैरे देत राहिली. मी मराठी शिकवायची. मला हेवा वाटायचा. मी तीन वाक्यं खर्चून जे बोलायची ते बाई अर्ध्या वाक्यात सांगून वर्गावर निघून गेलेल्या असायच्या.

सहावीचा त्यांचा पहिला तास मी एकदा दारात उभी राहून बघितला. पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा कोंबायचा, पेला पालथा करायचा आणि तसाच सरळ पाण्याच्या बादलीत दाबायचा. वर काढल्यावर कागद कोरडा. पोरं डोळे विस्फारून बघत राहायची. "हवा जागा व्यापते," बाई म्हणायच्या, "दिसत नाही म्हणून तिला उठवून तिच्या जागेवर बसता येत नाही." पेल्यातल्या हवेबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात एखाद्या नातेवाइकाविषयी बोलल्यासारखी माया असायची.

सगळं ठीक चाललं होतं ते मानेचं दुखणं सुरू होईपर्यंत. पेठांमधले रस्ते तेव्हा आलटून पालटून उकरलेले असत. कुठे ड्रेनेज, कुठे केबल, कुठे नुसतेच ब्लॉक बसवायचे म्हणून. त्या सायकलीचे टायर बारीक आणि दगडासारखे टणक. खळग्यातला प्रत्येक धक्का हँडलवरून मनगटात आणि मनगटातून मानेत जायचा. बाईंच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. फळ्यावर लिहिता लिहिता खडू गळून पडला, तेव्हा त्या डॉक्टरकडे गेल्या. मणक्यांची झीज आहे, सायकल बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. रशीदभाईंना तेच हवं होतं. त्यांनी ओळखीचा रिक्षावाला ठरवूनही टाकला. रोज दारात येईल, शाळेत सोडेल, संध्याकाळी परत आणेल.

"बरं झालं की," मी म्हणाले. "आरामात याल."

बाई स्टाफरूमच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "देवकर," त्या म्हणाल्या, "लहानपणी मी अब्बांच्या दुकानातली होते. मग अम्मीच्या आजारपणातली. आता भाईजानच्या घरातली आहे, आणि इथं आले की तुमच्या शाळेतली. तक्रार नाही, सगळे चांगलेच आहेत. पण घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर मी कुणाची नसते. तेवढं मला सोडवत नाही."

इतकं लांबलचक त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. मी त्यांच्यासाठी चहा सांगितला, आणि त्यांनी तो सगळा प्यायला.

दोन दिवसांनी स्टाफरूमच्या फळ्यावर सायकलच्या मागच्या चिमट्याचं, म्हणजे चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं त्यांचं, चित्र उगवलं. बाईंनी उपाय शोधला होता. पावणेदोन इंची टायर काढायचा, सव्वादोन इंची घालायचा. रुंद टायरमध्ये हवा कमी दाबानं ठेवता येते, तो मऊ राहतो, धक्का स्वतः खातो. पुढे अडचण नव्हती, ब्रेकच नव्हता. प्रश्न मागचा होता. चिमट्याच्या दोन दांड्यांमध्ये आणि ब्रेकमध्ये तो मावायला हवा. बाईंनी पट्टीनं मापं घेतली, नवा टायर दुकानात जाऊन बघून आल्या, दोन बोटांत धरून मोजला, आणि फळ्यावर खाली ठसठशीत लिहिलं : बसतो.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही त्या दुकानात गेलो. मला बरोबर घेतलं होतं, कारण बाईंच्या मते दुकानात एकटी बाई गेली की दुकानदार सायकलबद्दल बोलायचं सोडून रंगाबद्दल बोलतो. दुकानदार मोठा आत्मविश्वासाचा माणूस होता. त्यानं टायर रिमवर चढवला, चाक चिमट्यात घातलं, बोटानं गर्रकन फिरवलं. छान फिरलं. "बसला बघा, मॅडम," तो म्हणाला. "बसणारच होता," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. मग त्यानं पंप लावला.

टायर फुगत गेला आणि एका क्षणी जागच्या जागी जाम झाला. डावीकडे चिमट्याला टेकला, उजवीकडे चिमट्याला टेकला, वर ब्रेकच्या दांड्यांत अडकला. दुकानदारानं हिसडा दिला तरी हलेना.

बाई त्या चाकाकडे बघत राहिल्या. चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "हवा," त्या म्हणाल्या. "देवकर, मी हवा धरलीच नाही हो. मोकळा टायर मोजला मी." वीस-पंचवीस वर्षं पोरांना जे शिकवलं, तेच नेमकं विसरल्या होत्या. मला हसू फुटलं. मी ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, तर म्हणाल्या, "हसा. मी तुमच्या जागी असते तर खाली बसून हसले असते."

दुकानदाराकडे तोडगा तयार होता. "ब्रेक काढून टाकू. बीएमएक्सला आजकाल ब्रेक कोण ठेवतं? फ्री होतं सगळं. थांबायचं असलं की चपलेनं टायर दाबायचा."

"आणि चप्पल झिजली की?" बाईंनी विचारलं.

"नवी घ्यायची."

"आणि पाय झिजला की?"

बाईंनी टायरमधली हवा सोडली, जुना टायर पिशवीत टाकला आणि सायकल हातात धरून शाळेकडे चालायला लागल्या. मागचं चाक फसफसत होतं. मी म्हणाले, "बाई, राहू द्या ना आता. रिक्षा काही वाईट नाही." त्या चालत राहिल्या. कोपऱ्यावर पोचल्यावर म्हणाल्या, "ज्याला थांबता येत नाही त्यानं निघू नये, हे मला मान्य आहे. पण मला थांबता येतंय, देवकर. मग मी का निघू नये?"

सोमवारी त्या चाक घेऊन थेट सहावीच्या वर्गात गेल्या. "परवा एका विज्ञानाच्या बाईंनी मोठी चूक केली," असं म्हणून त्यांनी सगळी गोष्ट सांगितली, आणि कुठली बाई ते शेवटी सांगितलं. पोरं खूश. एरवी बाईंची चूक सापडायची म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. त्या तासाला पोरांनी टायर फुगवून, दोरा गुंडाळून, पट्टी लावून त्याची खरी जाडी काढली. पेल्याच्या प्रयोगापेक्षा तो तास भारी झाला, असं बाई स्वतःच म्हणाल्या.

त्या आठवड्यात रोज शाळा सुटली की आम्ही प्रयोगशाळेत. सायकल टेबलावर उलटी घातलेली, मी ती धरून उभी, बाई स्टुलावर चढून पाना फिरवतायत. चिमटा मागच्या बाजूला रुंद होत जातो, तेव्हा चाक खाचेत शक्य तेवढं मागे ओढायचं ठरलं. ओढलं, तर चेन पुरेना. चेनला कडी जोडली. चेन पुरली, तर ब्रेकचे रबर रिमवर पडायच्या ऐवजी टायरवरच टेकायला लागले, कारण चाक जागचं सरकलं होतं. रबर खाचेत खाली उतरवले. ते रिमवर नीट आले, तर वायर आखूड पडली. "एक सुधारलं की दुसरं रुसतं," बाई म्हणाल्या. "स्टाफरूमच आहे ही." फुगलेला टायर ब्रेकच्या दांड्यांमधून आत जात नव्हता, म्हणून हवा सोडून चाक घालायचं आणि मग जागेवर हवा भरायची, असा नियम झाला.

"पंक्चर झाल्यावर काय करणार?" मी विचारलं.

"पंक्चर झाल्यावर हवा गेलेलीच असते. आयती सोय."

शेवटी एका संध्याकाळी चाक फिरलं. फुगलेलं, रुंद, काळंभोर. दोन्ही बाजूंना पोस्टकार्ड जाईल एवढी फट. बाईंनी लिव्हर दाबली, चाक जागच्या जागी थांबलं. सोडली, फिरलं. पुन्हा दाबली. त्यांच्या नाकाला ग्रीस लागलं होतं आणि त्या लहान पोरीसारख्या हसत होत्या. मला इतका आनंद झाला की मी धरलेली सायकल सोडून टाळ्या वाजवल्या, आणि ती टेबलावरून पडता पडता वाचली.

पण रशीदभाई उरले होते. बाईंनी मला बरोबर घरी नेलं. रशीदभाई उंचेपुरे, पांढरी छाटलेली दाढी. ओट्यावर बसूनच त्यांनी सायकल खालपासून वरपर्यंत बघितली. "टायर मोठा केला," ते म्हणाले, "म्हणजे ब्रेक पसरवला असणार. पसरवलेल्या ब्रेकचा भरवसा नाही. डेपोतनं गाडी काढायच्या आधी आम्ही ब्रेक मारून बघायचो. रिक्षावाल्याला मी नाही म्हणून सांगितलेलं नाही अजून." मग ते उठले, चपला घातल्या, आणि गल्लीच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. "वरनं ये. चल, रोक के दिखा. नाही थांबली तर सायकल उद्या भंगारात."

"भाईजान, बाजूला उभं राहून बघा."

"बाजूला उभं राहून ब्रेक कळत नाही."

गल्लीला तिथे चांगला उतार आहे. बाई सायकल हातात धरून वर गेल्या. आजूबाजूची ठोकाठोक थांबली, दोघं-तिघं तांबट हातोडी हातात घेऊनच दारात आले. मला वाटलं, आता हे बहीण-भाऊ दोघंही हॉस्पिटलात जाणार आणि शाळेत मला सांगावं लागणार. बाई निघाल्या. ओढणी बांधलेली, पाठ ताठ, पायडल न मारता. वेग वाढत गेला. रशीदभाई हात मागे बांधून उभे, तसूभर हलले नाहीत. बाईंनी लिव्हर दाबली. मागचं चाक जरासं घसरलं, मग त्या रुंद टायरनं फरशी धरली, आणि सायकल त्यांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर उभी राहिली.

रशीदभाईंनी वाकून ब्रेक बघितला. "डावीकडचं रबर आधी लागतंय," ते म्हणाले, "तेवढं बघ." आणि आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी रिक्षावाला आलाच नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत बाई त्याच सायकलवर आल्या. हाताच्या मुंग्या अगदी गेल्या नाहीत, पण खडू पुन्हा कधी गळला नाही. "आता खड्डा आधी टायरला कळतो," म्हणायच्या, "त्याला वाटलं तर तो मला सांगतो." निवृत्तीनंतरही शनिवारी प्रयोगशाळेत यायच्या, मुलांचे प्रयोग बसवून द्यायच्या. फुकट. नव्या मुख्याध्यापिकांनी मानधनाचं विचारलं तर म्हणाल्या, "पैसे घेतले की तुम्ही वेळेवर यायला सांगाल."

एका थंडीत शनिवारी त्या फाटकातून चालत आल्या. बसनं आल्या होत्या. मी त्यांच्या मागे बघितलं, सायकल नव्हती.

"सोडली," त्या म्हणाल्या.

"का? कुणी सांगितलं?" मी चिडूनच विचारलं.

"कुणी सांगितलं असतं तर सोडली नसती." त्यांनी उजवा हात पुढे केला आणि बोटं मिटायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यावरच थांबली. "काल चौकात लिव्हर दाबायला गेले, तर हात नुसता तिच्यावर ठेवल्यासारखा राहिला. सायकल गेली ती पेरूच्या हातगाडीला टेकली. कुणाला लागलं नाही. पण मी थांबवली नव्हती, देवकर. हातगाडीनं थांबवली."

"डाव्या हाताला ब्रेक बसवून घेऊ की. मी येते दुकानात."

"भाईजानही तेच म्हणतात. काल रात्रीपासून बोलत नाहीत माझ्याशी. म्हणे अजून वर्षभर तरी चालवायची होतीस." त्या हसल्या. "पण दुसरा हात पहिल्याचाच भाऊ आहे. फार दिवस वेगळा वागायचा नाही." आणि पेले काढायला आत गेल्या. त्या दिवशी प्रयोग करताना त्या नेहमीसारख्याच होत्या. मीच घरी जाताना सारखी फाटकाकडे बघत होते.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्या जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. मला कळलं तोवर सगळं उरकलं होतं. आठवड्यानं मी कसबा पेठेत गेले. रशीदभाई ओट्यावर बसले होते, बरेच खंगलेले. शेजारची माणसं येऊन, बरं झालं, हाल झाले नाहीत, असं म्हणून गेली होती. मीही तेच म्हणाले. म्हणताना मला माझाच राग आला, पण दुसरं काय बोलायचं असतं ते मराठी शिकवूनही मला माहीत नव्हतं.

निघताना मी सायकलचं विचारलं. ते उठले आणि मला जिन्यापाशी घेऊन गेले. सायकल पुसलेली होती, दोन्ही टायरांत हवा होती.

"दोघं येऊन गेले विकत मागायला, पोरांसाठी," ते म्हणाले. "मी विचारलं, ब्रेकचं काय करणार? म्हणाले, काढणार. मी म्हटलं, चालायला लागा."

मग ते खाली वाकले. गुडघे दुखत होते ते दिसत होतं. एका हातानं त्यांनी सीट धरून मागचं चाक उचललं, पायानं ढकलून फिरवलं आणि दुसऱ्या हातानं लिव्हर दाबली. चाक थांबलं. "रोज दाबावी लागते," मला म्हणाले, "नाहीतर वायर गंजून धरते आतल्या आत." त्यांनी चाक पुन्हा फिरवलं आणि थांबवलं. मला आत्तापर्यंत रडू आलं नव्हतं. तिथं जिन्याखाली उभी राहून मी खूप रडले, आणि रशीदभाई माझ्याकडे न बघता चाक फिरवत राहिले.